वाळूखालचं जंगल: मराडीच्या बुडख्यांचं प्रकरण

नायजर देशाच्या दक्षिणेला, नायजेरियाच्या सीमेलगत मराडी नावाचा प्रदेश आहे. जमीन रेताड, पाऊस वर्षाला साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर, तोही जून ते सप्टेंबर एवढ्याच दिवसांत. माणसं हौसा भाषा बोलतात. पिकं मात्र आपल्या ओळखीची: बाजरी, ज्वारी, चवळी, भुईमूग. माणदेशातल्या शेतकऱ्याला तिथे नेऊन उभं केलं, तर बाजरीची टोकण बघून तो आधी दोन ठोंबांतलं अंतर विचारेल. वारा मात्र त्याला नवा असेल. पावसाच्या तोंडावर तिथे जी वादळं उठतात, त्यांत उडणारी वाळू बाजरीच्या कोवळ्या कोंबांवर आदळते. कोंब कापला जातो, नाहीतर वाळूत गाडला जातो. दुबार पेरणी हा आपल्याकडे संकटाचा शब्द आहे. मराडीत १९८०च्या सुमारास तिबार पेरणी नेहमीची झाली होती.

वारा अडवायला झाड नव्हतं, हे त्यामागचं उघड कारण. झाडं लावायला हवीत, हे सगळ्यांना कळत होतं आणि लावलीही जात होती. तरी ती उभी राहत नव्हती. पुढे तिथे लाखो हेक्टर शेतांत झाडं आली, ती रोपवाटिकेतून आलेली नव्हती. कुठल्याही गावच्या वृक्षारोपण समितीने, शाळेने, चर्चने किंवा ग्रामपंचायतीने खड्डे खणायला घेण्याआधी हे प्रकरण नीट समजून घ्यावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रोपं का जगली नाहीत

१९६८ ते १९७३च्या दुष्काळाने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचा सगळा पट्टा, म्हणजे साहेल, होरपळून निघाला. त्यानंतर सरकारांनी, मदतसंस्थांनी आणि मिशनांनी झाडं लावण्याचा धडाका लावला. टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन शेतीतज्ज्ञ १९८१ साली ‘सर्व्हिंग इन मिशन’ या ख्रिस्ती संस्थेतर्फे मराडीत आले, ते याच कामासाठी. रोपवाटिकेत रोपं तयार करायची, गाडीत भरून गावोगाव न्यायची आणि लोकांकडून लावून घ्यायची. त्यातली बहुतेक मेली.

कारणं एकात एक गुंतलेली होती. पहिलं मुळाचं. प्लास्टिकच्या पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाचं सोटमूळ बुडाशी गुंडाळलं जातं, आणि तसंच लावलं तर जमिनीतही ते तिथल्या तिथेच फिरतं. मराडीत पाऊस सप्टेंबरात संपतो आणि पुढचे आठ महिने थेंब पडत नाही. ओल दर आठवड्याला खाली सरकते. जे मूळ ओलीच्या मागे त्याच वेगाने खाली जाऊ शकत नाही, ते जानेवारीच्या आत कोरडं पडतं. हिवाळ्यात हरमॅटन नावाचा कोरडा वारा पानांतलं उरलंसुरलं पाणी ओढून नेतो. शिवाय वाळवी आहे, आणि पीक निघाल्यावर मोकाट सुटणाऱ्या शेळ्या आहेत. सहा-सात महिन्यांच्या सुन्या शिवारात एकटं हिरवं रोप शेळीला लांबून दिसतं.

दुसरं कारण वेळेचं. रोप लावायचा दिवस आणि बाजरी टोकायचा दिवस एकच. पहिल्या चांगल्या पावसानंतरच्या तीन-चार दिवसांत ज्याच्या हातून पेरणी होत नाही, त्याचं वर्ष जातं. अशा वेळी कुणी प्रकल्पाच्या रोपांसाठी खड्डे खणत बसणार नाही, आणि न खणण्यात त्याची काही चूकही नाही.

तिसरं कारण सगळ्यांत खोल होतं. लोक त्या झाडांना प्रकल्पाची झाडं म्हणत. पाणी घालायचं प्रकल्पाने, कुंपण करायचं प्रकल्पाने, आणि मेलं तर नुकसानही प्रकल्पाचं.

लावणी सगळीकडेच फसली असं मात्र नाही. याच नायजरमध्ये मजिया खोऱ्यात १९७५च्या आसपास कडुनिंबाच्या दुहेरी रांगा वाऱ्याला आडव्या लावल्या गेल्या आणि त्या चांगल्या उभ्या राहिल्या. आपला कडुनिंब तिथल्या उन्हात रुळला. पण खोऱ्यात जमिनीखालचं पाणी जवळ होतं, राखण करणारी माणसं पगारावर होती आणि खर्च बाहेरून येत होता. मराडीच्या उघड्या रेताड शिवारात यातलं काहीच नव्हतं.

१९८३

रिनॉडो यांनी ही घटना अनेकदा सांगितली आहे. रोपांनी भरलेली गाडी घेऊन ते एका गावाकडे निघाले होते. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून टायरमधली थोडी हवा सोडायला ते वाटेत थांबले. चारी बाजूंना उजाड माळ. एवढ्या कामातून काही उभं राहत नाही, या निराशेत त्यांनी तिथेच प्रार्थना केली. देवाने दिलेल्या सृष्टीची आम्ही नासाडी केली त्याची क्षमा कर आणि काय करायचं ते दाखव, असा तिचा आशय होता. मग जवळच्या एका झुडपाकडे लक्ष गेलं म्हणून ते चालत गेले आणि पान हातात घेऊन पाहिलं. पान झुडपाचं नव्हतं. तोडलेल्या झाडाच्या बुडख्यातून फुटलेले ते धुमारे होते.

अशी ‘झुडपं’ त्या माळावर जिकडेतिकडे होती. आजवर ती कुणी मोजली नव्हती, कारण ती झाडं आहेत असं कुणी मानतच नव्हतं. जंगल आधीच लावलेलं होतं, वाळूखाली. दरवर्षी पेरणीआधी शेतकरी ते कापत होता आणि दरवर्षी ते पुन्हा वर येत होतं.

बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथात झाडाच्या आशेबद्दल एक जागा आहे: झाड तोडलं तरी ते पुन्हा फुटतं, मूळ जमिनीत जुनं झालं तरी पाण्याच्या वासाने त्याला पालवी येते. मराडीचे शेतकरी मुसलमान. त्यांच्याकडेही पैगंबरांची शिकवण आहे की लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने किंवा जनावराने जे खाल्लं, ते लावणाऱ्याच्या नावावर दान म्हणून जमा होतं. दोन्ही परंपरांत झाड राखणं हे उपासनेच्या इतकं जवळ आहे. त्यामुळे मिशनचा माणूस आणि गावचा इमाम यांना एका बुडख्यापाशी बसून बोलायला वेगळी भाषा शोधावी लागत नाही.

बुडख्याचं गणित

ऊस तोडल्यावर खोडवा येतो, आणि लागणीपेक्षा त्याला सुरुवातीला कमी सांभाळावं लागतं, हे आपल्याला पाठ आहे. मुळं तयार असतात. झाडाच्या बुडख्याचं तसंच आहे, फक्त त्याची मुळं उसापेक्षा कितीतरी खोल आणि जुनी असतात. वरचं लाकूड गेलं तरी मुळांत साठवलेलं पिठूळ अन्न शिल्लक असतं, ओलीपर्यंतची वाट आधीच पाडलेली असते, आणि सालीखाली झोपलेले डोळे वरचा शेंडा गेला की जागे होतात. म्हणून रोपवाटिकेतलं रोप पहिल्या वर्षी वीतभर वाढायला धडपडतं, तिथे बुडख्याचा धुमारा एका हंगामात मीटरभर, कधी त्याहून जास्त वर येतो. पाणी घालावं लागत नाही.

मग इतकी वर्षं झाड का झालं नाही? एका बुडख्यातून वीस-तीस धुमारे एकदम फुटतात. अन्न सगळ्यांत वाटलं जातं आणि एकही पुढे जात नाही. त्यात दरवर्षी ते जमिनीलगत कापून जाळले जात. ‘शेत साफ’ असणं ही चांगल्या शेतकऱ्याची खूण, हे तिथेही तसंच. या साफसफाईला हौसात सस्साबी म्हणतात. नव्या पद्धतीला शेतकऱ्यांनी नाव दिलं ‘सस्साबिन झमानी’. यातला ‘झमानी’ आणि आपला ‘जमाना’ एकाच अरबी शब्दाची लेकरं. नव्या जमान्याची साफसफाई. आम्हाला हे नाव फार मोलाचं वाटतं, कारण त्यात शेतकऱ्याच्या हातातलं काम तेच राहिलं, कोयता तोच राहिला, फक्त काय ठेवायचं याचा निर्णय बदलला.

एक बुडखा, जवळून

मराडीत सगळ्यांत जास्त सापडणाऱ्यांपैकी एक म्हणजे काल्गो, शास्त्रीय नाव पिलिओस्टिग्मा रेटिक्युलाटम. पान बघितलं की मराठी माणसाला दसरा आठवतो, कारण ते आपट्याच्या पानासारखंच दोन पाळ्यांचं असतं. दोघं एकाच कुळातले, जवळचे भाऊबंद. त्याच्या जोडीला साबारा (गिएरा सेनेगालेन्सिस) आणि ऐन-अर्जुनाच्या कुळातल्या कॉम्ब्रेटमच्या जाती.

समजा काल्गोचा एक बुडखा आहे, गुडघ्याएवढा झुडपासारखा गोळा, त्यात पंचवीस धुमारे. काम उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी करायचं. तेव्हा हाताला वेळ असतो आणि वाळलेल्या शिवारात हिरवा बुडखा नजरेत भरतो.

आधी खाली वाकून धुमारा कुठून निघाला आहे ते बघायचं. जमिनीलगत, बुडख्याच्या कडेच्या निरोगी सालीतून निघालेला धुमारा घट्ट असतो. बुडख्याच्या वरच्या सडक्या काठावरून निघालेला दोन वर्षांनी वाऱ्यात फाटून येतो, म्हणून कितीही उंच असला तरी तो ठेवायचा नाही. उंच, सरळ आणि घट्ट असे तीन ते पाच निवडायचे, शक्यतो बुडख्याच्या वेगवेगळ्या बाजूंचे. बाकीचे बुडाशी कापायचे.

कोयत्याला धार हवी. बोथट पात्याने साल सोलपटते, जखमेतून बुरशी शिरते आणि ठेवलेला धुमाराही सुकतो. घाव खालून वर घालायचा, कारण वरून खाली घातला की फांदी आपल्या वजनाने सालीचा पट्टा ओढत नेते. ठेवलेल्या धुमाऱ्याच्या बाजूच्या फांद्या खालच्या निम्म्या उंचीपर्यंत काढायच्या, त्याहून वर जायचं नाही. पानं म्हणजे त्याची चूल. दोन तृतीयांश फांद्या उतरवल्या की खोड बारीक राहून शेंडा जड होतो आणि पहिल्याच वादळात धुमारा आडवा पडतो. नव्या माणसाच्या हातून ही चूक हमखास होते. एकदा छाटायला लागलं की हात थांबत नाही.

कापलेल्या फांद्या लगेच घरी न्यायच्या नाहीत. त्या शेतात पसरून ठेवायच्या. आठ-दहा दिवसांत पानं गळून जमिनीवर राहतात, वाळवी आणि किडे ती खाली नेतात, आणि मग उरलेल्या काटक्या सरपणाला न्यायच्या. झाडाने वर्षभर जे खालून वर आणलं, त्यातलं निदान पान तरी शेताला परत मिळतं.

यानंतर दर दोन ते सहा महिन्यांनी फेरी. बुडख्यातून नवे धुमारे येत राहतात, ते कोवळे असतानाच खुडायचे. दुसऱ्या वर्षापासून पाचातला एक कापून विकायचा किंवा जाळायचा, आणि त्याच्या जागी एक नवा वाढू द्यायचा. पुढच्या वर्षी दुसरा. अशा फेरपालटात बुडख्यावर कायम चार-पाच वयांची खोडं उभी राहतात, दरवर्षी काहीतरी हाती येतं आणि झाड मात्र मोडत नाही. मोठं खांबाजोगं लाकूड हवं असेल तर एकच खोड ठेवायचं. हे ज्याचं त्याने ठरवावं. एका हेक्टरात किती झाडं, याचं मराडीतलं सुरुवातीचं माप ४० होतं. अनुभव आला तसं अनेकांनी १०० पर्यंत नेलं.

पहिली माणसं आणि दुष्काळाचं धान्य

सुरुवातीला दहाएक शेतकरी तयार झाले. शेतात झुडपं ठेवणारा म्हणून त्यांची टिंगल झाली. रात्रीतून धुमारे चोरीला गेले, कारण सगळ्या शिवारात सरपणाची टंचाई आणि लाकूड फक्त यांच्याच शेतात. एकट्याने झाड राखणं म्हणजे गावाला सरपणाचा पत्ता देणं. ही गोष्ट गावाने मिळून करायची आहे, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

१९८४ साली पाऊस गेला आणि दुष्काळ पडला. प्रकल्पाने कामाच्या बदल्यात धान्य द्यायला सुरुवात केली, आणि अट घातली: प्रत्येकाने आपल्या शेतात हेक्टरी ४० बुडख्यांची झाडं राखायची. सुमारे ७० हजार लोकांपर्यंत हे पोचलं, साधारण १२,५०० हेक्टर जमिनीवर पाच लाखांच्या आसपास झाडं राहिली. पुढच्या साली पीक चांगलं आलं, धान्यवाटप थांबलं, आणि त्यातली दोन तृतीयांशांहून जास्त झाडं लोकांनी कापून टाकली.

अहवाल तिथेच संपवला असता तर ‘योजना फसली’ असं लिहिलं गेलं असतं. पण उलट बाजूने बघा. दुष्काळाच्या सालात हजारो कुटुंबांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की झुडपं ठेवली म्हणून बाजरी कमी आली नाही. वारा थोडा अडला होता. ज्यांनी एक तृतीयांश ठेवली, त्यांनी ती धान्यासाठी ठेवली नव्हती, स्वतःच्या हिशेबाने ठेवली होती. पुढे पद्धत गावोगाव नेली ती याच लोकांनी, एकमेकांच्या शेतांना भेटी देऊन. धान्याच्या अटीने लोकांना करून बघायला लावलं, टिकवायला नाही. अशी मदत देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा फरक आधीच ओळखून ठेवावा.

याच प्रदेशातल्या दान सागा गावाची हकीकत वेगळी आहे. तिथे मजुरीसाठी नायजेरियात गेलेले काही तरुण पाऊस सुरू झाल्यावर उशिरा परतले. साफसफाईला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी धुमारे न कापता तसंच पेरलं. शेजाऱ्यांच्या स्वच्छ शेतांपेक्षा त्यांचं पीक सरस आलं. म्हणजे ही विद्या एकाच माणसाला एकाच जागी सुचली, असं नाही. बऱ्याच ठिकाणच्या आजोबांना ती ठाऊक होती आणि मधल्या काळात ती कमीपणाची ठरवली गेली होती.

झाड कुणाचं

झाडं परत येण्याचं अर्धं कारण जमिनीत होतं, अर्धं कायद्यात. फ्रेंच राजवटीपासून नायजरमध्ये झाड सरकारचं मानलं जाई, मग ते शेतकऱ्याच्या शेतात का उगवलेलं असेना. परवान्याशिवाय फांदी तोडली तर वनरक्षक दंड करायचा. याचा परिणाम कायदा करणाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट झाला. जे झाड मोठं झाल्यावर आपलं राहणार नाही, ते लहान असतानाच उपटून टाकलेलं बरं, असं शेतकरी शिकला. संरक्षणासाठी केलेल्या कायद्याने शिवार उजाड केलं.

मराडीत प्रकल्पाच्या लोकांनी स्थानिक वनाधिकाऱ्यांशी बोलून एवढंच मान्य करून घेतलं की ज्याने झाड राखलं, त्याने ते कापलं तर दंड होणार नाही. कागदावर काहीच बदललं नव्हतं, एक शब्द दिला गेला होता. १९८७ साली राष्ट्राध्यक्ष सेनी कुंचे यांचं निधन झालं आणि नंतरच्या काळात सरकारची गावांवरची पकड सैल झाली. मग १९९३ साली ग्रामीण जमिनीविषयीचा कायदा आला आणि २००४ साली नवा वनकायदा. कायदा शेवटी आला, झाडं आधी आली. शेतकऱ्याला कागदापेक्षा खात्री हवी होती, आणि दोन-तीन वर्षं कुणी दंड केला नाही, तेव्हा ती आली.

पसरलं किती, आणि पावसाचा वाटा किती

दोन दशकं बाहेर फारसं कुणाला कळलंच नाही. २००५च्या सुमारास डच भूगोलतज्ज्ञ क्रिस रेय आणि अमेरिकी भूसर्वेक्षण संस्थेचे ग्रे टॅपन यांनी जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी उपग्रहचित्रं शेजारी ठेवून पाहिली. दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली होती, अंदाजे २० कोटी. ५० लाख हेक्टर म्हणजे महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्राचा जवळजवळ सहावा हिस्सा. एवढ्या झाडांसाठी रोपवाटिका काढायची म्हटली असती तर देशाचं अंदाजपत्रक पुरलं नसतं.

शंका रास्त आहे: १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर साहेलात पाऊस सुधारला, मग हिरवळ त्याचीच नसेल कशावरून? थोडा वाटा पावसाचा आहेच. पण सीमेपलीकडे उत्तर नायजेरियात पाऊस तोच, माती तीच, आणि शेतांत झाडं कमी. पाऊस सीमा बघून पडत नाही. फरक राखणीचा होता.

रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार या झाडांमुळे वर्षाला सुमारे पाच लाख टन जास्त धान्य पिकू लागलं, म्हणजे २५ लाख माणसांच्या पोटाला. आकडा अंदाजाचा आहे हे लक्षात ठेवूनही त्यामागची कारणं शेतात उभं राहून तपासता येतात. वारा अडला की एकाच पेरणीत काम भागतं आणि बियाणं वाचतं. सरपण शेतात मिळालं की शेण चुलीत जात नाही, जमिनीत जातं. शेजारच्या झिंडर प्रदेशात बायकांचा सरपण गोळा करायचा वेळ दिवसाला अडीच तासांवरून अर्ध्या तासावर आल्याची नोंद आहे. काल्गोच्या शेंगा उन्हाळ्यात वैरण होतात. साबारा आणि काल्गो या दोघांविषयी सेनेगलमध्ये झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे की त्यांची मुळं रात्री खालची ओल वर आणून वरच्या कोरड्या थरात सोडतात. म्हणजे बाजरी त्यांच्या शेजारी तहानेने मरत नाही, उलट तिला थोडं मिळतंच.

या सगळ्यात गाओ हे झाड (फायडर्बिया अल्बिडा, पूर्वी त्याला बाभळीतच धरत) वेगळं उठून दिसतं. ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. पीक उभं असताना सावली नाही, गुरांना चारा नसताना पाला आणि शेंगा आहेत, आणि मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधतात. शेतकऱ्याने स्वतः मागून घ्यावं असं झाड.

कुठे बिघडतं

बुडखे जिथे नाहीत तिथे ही पद्धत चालत नाही. पिढ्यान्‌पिढ्या नांगरट झालेल्या, मुळं खणून काढलेल्या जमिनीत राखायला काही उरत नाही. तिथे बी टोकावं लागतं किंवा रोप लावावंच लागतं.

मोकाट चराई दुसरी अडचण. एक-दोन वर्षांच्या धुमाऱ्याचा शेंडा शेळीच्या तोंडाच्या उंचीत असतो. शेंडा खाल्ला की झाड पुन्हा झुडूप होतं. कुंपण परवडत नाही, म्हणून गावाचा नियम हाच उपाय. तो नियम करताना फुलानी या पशुपालक समाजातल्या गुराख्यांना बैठकीत बोलावलं नाही तर तो टिकत नाही, कारण उन्हाळ्यात शेतांतून गुरं नेण्याचा त्यांचा हक्क फार जुना आहे. त्यांची वाट आणि शेंगांतला वाटा आधी ठरला, की गुराखीच राखणदार होतो.

तिसरं, दिसायला लागल्यावर लाकडाला किंमत येते आणि किमतीबरोबर भांडण येतं. जमीन पुरुषाच्या नावावर, धुमारे बाईने राखलेले, आणि विकायला काढले की पैसे कुणाचे? भावकीत वाटणी झाली की नवा मालक सगळं एकदम कापून मोकळा होतो. खंडाने घेतलेल्या जमिनीवर कसणारा झाड राखत नाही, कारण मालक म्हणेल ती जमीन आता पुन्हा माझी. हे प्रश्न पहिल्या कोयत्याच्या घावाआधी बोलून घेतलेले बरे.

आणि एक हळू होणारं नुकसान. जे सहज फुटतं तेच राखलं जातं, म्हणून काही मोजक्या जाती वाढतात आणि ज्यांचे बुडखे कधीच संपले त्या परत येत नाहीत. त्यांच्यासाठी लावणीला पर्याय नाही. राखणीने वारा आणि उन्हाची धग कमी झालेल्या शेतात लावलेलं रोप जास्त जगतं, म्हणून क्रम असा: आधी राखणी, मग लावणी.

आपल्या बांधावर

महाराष्ट्रात २०१६ ते २०१९ या काळात कोट्यवधी रोपं लावायची उद्दिष्टं घेतली गेली, २०१९ साली तर ३३ कोटींचं. लावण्याची हौस आणि तळमळ आपल्याकडे कमी नाही. पण बुडख्यांची मोजणी सहसा कुणी करत नाही. पळस, बोर, हिवर, खैर, धावडा, ऐन, टेंभुर्णी, आपटा, करंज, कडुनिंब, साग ही सगळी बुडातून किंवा मुळांतून फुटणारी झाडं आहेत. माळरानावर, गायरानात, बांधावर दरवर्षी तोडून, चरून किंवा वणव्यात जळून त्यांची झुडपं झालेली दिसतात. पडीक जमीन म्हणून जेसीबी लावून जिथे खड्डे घेतले जातात, तिथे कित्येकदा खड्ड्याबरोबर जिवंत मूळच उपटलं जातं.

म्हणून वृक्षारोपण ठरलेल्या जागेवर आधी एक दिवस मोजणीचा ठेवावा. होळीनंतरचा, शिवार वाळलेला काळ चांगला. दहा माणसं, दोन-दोनच्या जोड्या, दोरीने आखलेले पट्टे. जोडीतल्या एकाच्या हातात चुन्याची पिशवी, दुसऱ्याच्या हातात वही. जिवंत बुडखा दिसला की भोवती चुना टाकायचा, जात लिहायची, धुमारे किती आणि कशाने खुरटले ते लिहायचं: कोयता, शेळी की आग. जात ओळखायला गावातला म्हातारा गुराखी बरोबर हवा, खुरटलेल्या पानावरून तोच ओळखतो. एका हेक्टरात ४० किंवा त्याहून जास्त बुडखे निघाले तर तिथे खड्डे घेऊच नयेत. चाळीसपेक्षा कमी निघाले तर जेवढे कमी, तेवढीच रोपं लावावीत, आणि ती बुडख्यांपासून दूर, मोकळ्या ठिकाणी.

कायद्याची बाजूही आधी बघावी. आपल्याकडे १९६४चा झाडं तोडण्याबाबतचा नियमन कायदा आहे आणि त्याला जोडलेल्या यादीतलं झाड तोडायला, ते स्वतःच्या शेतात असलं तरी, परवानगी लागते. राखणाऱ्याला पुढे लाकूड काढायचं असेल तर आज तिथे काय उभं आहे याची नोंद हवी. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडं नोंदवता येतात, ती दरवर्षी नोंदवावीत. गायरानात काम असेल तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि त्यात झाडांची नावं नंतर लिहिली तरी चालतील, पण दुसऱ्या वर्षापासून निघणाऱ्या काटक्या कुणी न्यायच्या, शेंगा कुणाच्या गुरांना आणि फेरी कोण मारणार, हे आधी लिहिलेलं असावं.

पहिली छाटणी सगळ्यांनी मिळून एकाच बुडख्यावर करावी. एकाने कापायचं, बाकीच्यांनी बघायचं, आणि प्रत्येक घावाआधी विचारायचं: हा ठेवायचा की काढायचा? पाच-सहा बुडखे असे झाले की मग पांगावं. चुना पावसात धुऊन जाईल, तोवर धुमारे कमरेएवढे आलेले असतील.